दोन ग्राफिक्स कार्डांचा गेमिंग संगणक: चिपसेट कसा निवडावा आणि ओव्हरक्लॉकिंग कुठे थांबवावे

गेमिंगसाठी दोन ग्राफिक्स कार्डांचा संगणक जोडायचे मनात आले की नवखा माणूस बहुधा आधी कार्डे ठरवतो, मग प्रोसेसर पाहतो आणि उरलेल्या पैशांत जो मदरबोर्ड बसेल तो घेतो. हा क्रम उलटा आहे. दोन कार्डांना पुरेशी वाट मिळेल का आणि प्रोसेसरचा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवण्याची (ओव्हरक्लॉकिंगची) मुभा असेल का, हे दोन्ही प्रश्न मदरबोर्ड निवडतानाच, म्हणजे त्यावरच्या चिपसेटबरोबरच (बोर्डवरच्या बाकीच्या भागांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या चिपबरोबरच) सुटतात, आणि बोर्ड एकदा घरी आला की त्यात फेरफार करता येत नाही. मात्र मुभा मिळाल्यावर वेग प्रत्यक्षात किती वाढेल, हे चिपसेटच्या हातात नसते. ते बोर्डवरील वीजयंत्रणा, घरात येणारा वीजपुरवठा आणि खोलीचे तापमान यांवर अवलंबून असते. विदर्भातील खेड्यात यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी इतक्या निर्णायक ठरतात की परदेशी परीक्षणांमधले आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

हे मार्गदर्शन दारव्हा, आर्वी, मूर्तिजापूर, ब्रह्मपुरी यांसारख्या तालुक्याच्या गावांत आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत राहून पहिल्यांदाच स्वतः संगणक जोडणाऱ्यांसाठी आहे. चुकीचा बोर्ड आला तर तो बदलून आणण्यासाठी नागपूर किंवा अमरावतीची फेरी करावी लागते, ऑनलाइन मागवला असेल तर परत पाठवण्याची खटपट वेगळीच; त्यामुळे खरेदीआधीचा अभ्यास इथल्या माणसाला शहरातल्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

पहिली पायरी: दोन कार्डे खरोखर हवीत का, हे ठरवणे

एकाच गेमचे चित्र दोन कार्डांनी वाटून घ्यायचे, ही कल्पना जुनी आहे. थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९८ मध्ये व्हूडू२ कार्डांच्या जोडीने ती बाजारात आणली, एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय या नावाने तिला नव्याने सुरुवात केली आणि २००५ मध्ये एटीआयचे (ही कंपनी पुढे एएमडीने घेतली) क्रॉसफायर आले. या दोन्ही पद्धतींत बहुतेक वेळा एक फ्रेम (पडद्यावरचे एक चित्र) पहिले कार्ड तयार करते आणि पुढची फ्रेम दुसरे. त्यामुळे दोन्ही कार्डांच्या मेमरीत तीच सामग्री भरावी लागते, म्हणजे प्रत्येकी ८ जीबीची दोन कार्डे लावली तरी गेमच्या वाट्याला ८ जीबीच येते. शिवाय लागोपाठच्या फ्रेममधले अंतर एकसारखे राहिले नाही तर प्रति सेकंद फ्रेमचा आकडा मोठा दिसत असूनही चित्र अडखळत चालते.

प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) स्वतंत्र प्रोफाइल असावी लागते, ही तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण होय. आरटीएक्स २० मालिका आणि तिच्या आधीच्या कार्डांसाठी नव्या एसएलआय प्रोफाइल देणे एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून बंद केले. आरटीएक्स ३० मालिकेतील गेमिंग कार्डांपैकी ३०९० आणि ३०९० टीआय यांनाच दोन कार्डे एकमेकांना जोडणाऱ्या पट्टीची सोय होती. ४० मालिकेत ती कोणत्याही कार्डाला नाही. एएमडीनेही २०१९ च्या आरएक्स ५७०० पासून क्रॉसफायर सोडले. गेम आणि कार्ड यांना जोडणाऱ्या डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या प्रणालींत दोन कार्डे वापरण्याची सोय आजही आहे, परंतु ती गेम बनवणाऱ्याने स्वतः लिहावी लागते आणि तेवढे कष्ट फार थोडे जण घेतात.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: सगळे भाग नवे घेऊन केवळ गेम खेळायचे असतील, तर दोन कार्डांचे पैसे एकाच मोठ्या कार्डात घालावेत. दोन कार्डांना आज तीन परिस्थितींत अर्थ उरतो. जुन्या बाजारात स्वस्त मिळालेली दोन सारखी कार्डे जोडून त्या काळातले गेम खेळायचे असतील, ही पहिली. गेमबरोबर ब्लेंडरसारख्या प्रोग्रॅममध्ये त्रिमितीय चित्रांचे काम करायचे असेल किंवा घरीच कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल चालवायची असतील, ही दुसरी. अशा कामांना एसएलआय लागत नाही, प्रोग्रॅम दोन्ही कार्डांना वेगवेगळे काम देतो. तिसरी म्हणजे एका कार्डावर गेम चालवून दुसऱ्यावर लॉसलेस स्केलिंगसारख्या प्रोग्रॅमने मधल्या फ्रेम तयार करून घेणे. या तिन्ही परिस्थितींत बोर्डकडून एकच गोष्ट लागते, ती म्हणजे दुसऱ्या स्लॉटला (कार्ड बसवण्याच्या खाचेला) पुरेशी वाट.

पहिला मार्ग धरणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांसाठी नव्या गेमनुरूप ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने २०२५ मध्ये थांबवले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबाही संपला. त्यामुळे असा संगणक जुन्या गेमसाठीच आहे, हे मनाशी पक्के करूनच तो घ्यावा.

दुसरी पायरी: लेनचा हिशेब समजून घेणे

ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात माहिती ज्या वाटांनी जाते त्यांना लेन म्हणतात. पीसीआय एक्सप्रेस या कार्डे जोडण्याच्या पद्धतीच्या तिसऱ्या पिढीत १६ लेनमधून एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ जीबी माहिती जाते, ८ लेनमधून सुमारे ८ जीबी. चौथ्या पिढीत हे प्रमाण दुप्पट होते, पाचवीत पुन्हा दुप्पट. घरगुती वर्गातल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ग्राफिक्ससाठी १६ च लेन असतात. विहिरीवरच्या एका मोटारीचे पाणी दोन वाफ्यांत सोडले तर प्रत्येकाला अर्धेच मिळते, तसेच इथेही होते: दुसरे कार्ड लावताच १६ ची वाटणी ८ आणि ८ अशी होते. यात घाबरण्यासारखे काही नाही. तिसऱ्या पिढीच्या ८ लेनवर त्या काळातल्या कार्डाचा वेग इतका थोडा कमी होतो की खेळताना तो सहसा जाणवत नाही.

खरी गोम आहे ती ही वाटणी करण्याच्या परवानगीत. काही चिपसेटांवर प्रोसेसरच्या १६ लेन दोन स्लॉटांत विभागता येतात, काहींवर येत नाहीत. जिथे येत नाहीत, तिथे बोर्डवर दुसरा लांब स्लॉट दिसतो खरा, पण त्याला चिपसेटमधून येणाऱ्या ४ लेनच जोडलेल्या असतात, आणि त्या ४ लेनना सॅटा (डिस्कची जोडणी), यूएसबी, नेटवर्क अशा सगळ्यांबरोबर एकाच रस्त्याने प्रोसेसरकडे जावे लागते. एएमडीच्या बी४५० बोर्डांवर तर हा दुसरा स्लॉट दुसऱ्या पिढीचा आणि ४ लेनचा, म्हणजे सेकंदाला २ जीबीच्या आसपासचाच असतो. एनव्हिडियाने एसएलआयसाठी प्रत्येक कार्डाला किमान ८ लेनची अट ठेवली होती, म्हणून अशा बोर्डांवर एसएलआय चालतच नाही. क्रॉसफायर ४ लेनवरही चालत असे, पण चालणे आणि नीट चालणे यांत अंतर आहे.

प्रोसेसरही इथे घात करू शकतो. एएमडीच्या रायझन ५ ३४००जी या अंगभूत ग्राफिक्सच्या प्रोसेसरमध्ये स्वतंत्र कार्डासाठी ८ च लेन आहेत आणि रायझन ५ ८५००जी मध्ये तर अवघ्या ४. असा प्रोसेसर महागातल्या बोर्डवर बसवला तरी ८ आणि ८ अशी वाटणी होणार नाही, कारण वाटायला १६ लेनच नाहीत.

तिसरी पायरी: पिढीनुसार चिपसेट ओळखणे

जुन्या बाजारात इंटेलचे जे बोर्ड अजून मिळतात, त्यांत २००८ चा एक्स५८ हा दोन कार्डांसाठी बनलेला पहिला भक्कम चिपसेट म्हणावा लागेल. त्यातून ३६ लेन मिळतात, त्यामुळे दोन्ही कार्डांना पूर्ण १६ लेन देता येतात, आणि एसएलआय व क्रॉसफायर या दोन्हींची सोय एकाच बोर्डवर होते. मात्र त्या लेन दुसऱ्या पिढीच्या आहेत आणि संगणक वीजही बरीच खातो. त्याच परंपरेत पुढे २०११ मध्ये एक्स७९, २०१४ मध्ये एक्स९९ आणि २०१७ मध्ये एक्स२९९ आले. या वर्गात बोर्डपेक्षा प्रोसेसरकडे अधिक काळजीने पाहावे. एक्स९९ वर कोअर आय७ ५८२०के लावला तर २८ लेन मिळतात आणि ५९३०के लावला तर ४०. एक्स२९९ वर कोअर आय७ ७७४०एक्स लावल्यास फक्त १६. बोर्ड तोच, स्लॉट तेच, तरी दुसऱ्या कार्डाच्या वाट्याला येणाऱ्या लेन बदलतात. विक्रेत्याने ‘एक्स९९ चा संच आहे’ एवढेच सांगितले, तर आधी प्रोसेसरचा नेमका क्रमांक विचारावा.

इंटेलच्या सर्वसाधारण वर्गात झेड अक्षराने सुरू होणारे चिपसेट आपल्या कामाचे: झेड६८, झेड७७, झेड९७, झेड१७०, झेड२७०, झेड३७०, झेड३९०, झेड४९०, आणि पुढे झेड७९० व झेड८९० पर्यंत. या सर्वांवर प्रोसेसरच्या १६ लेन ८ आणि ८ अशा विभागता येतात. बी अक्षराच्या आणि एच६१ किंवा एच६१० सारख्या स्वस्त वर्गात ही मुभा नाही.

२०११ च्या सुरुवातीचा पी६७ किंवा एच६७ बोर्ड कुणी देऊ केला तर थोडे थांबावे. या चिपसेटांच्या पहिल्या आवृत्तीत सॅटाचे काही पोर्ट हळूहळू निकामी होण्याचा दोष होता. इंटेलने जानेवारी २०११ मध्ये तो मान्य करून सुधारित आवृत्ती आणली. बोर्डवर किंवा खोक्यावर बी३ अशी खूण असेल तर ती सुधारित आवृत्ती समजावी.

एएमडीकडे २०११ चा ९९०एफएक्स दोन कार्डांसाठी चांगला होता, पण त्याच्याबरोबरचे एफएक्स प्रोसेसर आज फार मागे पडले आहेत, त्यामुळे तो फुकट मिळाला तरच घ्यावा. २०१७ पासूनच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या प्रकारात) एक्स३७०, एक्स४७० आणि एक्स५७० या तिन्हींवर ८ आणि ८ अशी वाटणी करता येते. बी३५० आणि बी४५० वर ती नाही. बी५५० वर चिपसेटची परवानगी आहे, पण ती वापरणारे बोर्ड थोडे आणि महाग. एएम५ वरही हाच प्रकार: चिपसेटची हरकत नसली तरी आता दोन कार्डांचे गिऱ्हाईक उरले नसल्याने बोर्ड बनवणारे दुसऱ्या स्लॉटला ४ लेनवर भागवतात. त्यामुळे चिपसेटचे नाव ही केवळ पहिली चाळणी समजावी, पुढची तपासणी बोर्डवरच करावी.

चौथी पायरी: बोर्ड हातात घेऊन तपासणे

मोबाइलचा टॉर्च लावून दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये वरून वाकून पाहावे. स्लॉटच्या फटीत दोन्ही बाजूंनी बारीक सोनेरी पत्र्यांच्या रांगा दिसतात. पहिल्या स्लॉटमध्ये या रांगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असतात. दुसऱ्यात त्या साधारण अर्ध्यावर संपत असतील तर ८ लेन आहेत, आणि खाचेच्या थोडे पुढे जाऊन एक तृतीयांशाच्या आसपासच थांबत असतील तर ४. पुढचे सगळे नुसते प्लॅस्टिक. बोर्डच्या मागच्या बाजूला स्लॉटच्या डाखांची रांग मोजूनही हेच कळते. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागवण्यात संकोच करू नये.

त्यानंतर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून पुस्तिका उतरवून घ्यावी आणि स्लॉटांचा तक्ता शोधावा. दोन कार्डे असताना कोणत्या स्लॉटला किती लेन मिळतात हे त्यात दिलेले असते, आणि त्याखाली बारीक अक्षरांत एम.२ या छोट्या जागेत एसएसडी (वेगवान डिस्क) लावल्यास कोणते सॅटा पोर्ट किंवा कोणता स्लॉट बंद होतो हेही असते. दोन लांब स्लॉटांमधले अंतरही पाहावे. दोन कार्डे एकमेकांना चिकटून बसत असतील तर वरच्या कार्डाचा पंखा खालच्याच्या तापलेल्या पाठीची हवा ओढत राहतो. मध्ये किमान एका स्लॉटची मोकळी जागा असलेला बोर्ड आपल्या हवामानात आवश्यकच मानावा.

पाचवी पायरी: ओव्हरक्लॉकिंगची मुभा आणि तिच्या मर्यादा

प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक (मूळ ठोका) आणि गुणक यांचा गुणाकार. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ५० असेल तर वेग ५ गिगाहर्ट्झ. वेग वाढवायचा तर या दोहोंपैकी एक वाढवावा लागतो, आणि कोणता वाढवता येईल हे चिपसेट व प्रोसेसर मिळून ठरवतात.

एक्स५८ च्या काळात बेस क्लॉक १३३ मेगाहर्ट्झ होता आणि तो मोकळेपणी वाढवता येत असे. कोअर आय७ ९२० चा गुणक २०. १३३ चे २०० केले की २.६६ चे ४ गिगाहर्ट्झ होत. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून चित्र बदलले. पीसीआय एक्सप्रेस, सॅटा आणि प्रोसेसर या सगळ्यांचा ठोका एकाच ठिकाणाहून निघू लागला, त्यामुळे बेस क्लॉक १०० वरून १०३ ते १०५ च्या पलीकडे नेला की आधी ग्राफिक्स कार्ड किंवा हार्ड डिस्क बिघडल्यासारखी वागू लागते. २०१५ च्या झेड१७० वर हे ठोके पुन्हा वेगळे झाले, तरी आजही नवख्याने बेस क्लॉकला हात लावू नये आणि पीसीआय एक्सप्रेसचा ठोका १०० वरच ठेवावा. दोन कार्डे असताना हा नियम दुपटीने पाळावा, कारण त्या ठोक्यावर दोन्ही कार्डे अवलंबून असतात.

मग उरतो गुणक. इंटेलमध्ये तो वाढवण्यासाठी नावाच्या शेवटी के असलेला प्रोसेसर आणि झेड वर्गाचा चिपसेट, दोन्ही लागतात. दोहोंपैकी एक नसेल तर कुलूप उघडत नाही. सँडी ब्रिजच्या वेळचा पी६७ आणि मोठ्या वर्गाचे एक्स चिपसेट यांवरही गुणक खुला असतो. बी५६०, बी६६० आणि बी७६० यांवर प्रोसेसर बंदच राहतो, पण मेमरीचा वेग वाढवता येतो, आणि बऱ्याच गेमना तेवढ्यानेही फायदा होतो. एएमडीने हात मोकळा ठेवला आहे: रायझनच्या बहुतेक प्रोसेसरचा गुणक खुला असून बी आणि एक्स वर्गांच्या चिपसेटांवर तो वाढवता येतो. ए३२०, ए५२० आणि ए६२० यांवर मात्र येत नाही, आणि नव्या बी८४० वरही नाही. त्याचे बी अक्षर पाहून फसू नये. ५८००एक्स३डी या प्रोसेसरचा गुणक बंद आहे, ९८००एक्स३डी चा खुला आहे.

चिपसेटची हद्द इथे संपते. दोन झेड७९० बोर्डांपैकी एकावर प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण वेगाने चालतो आणि दुसऱ्यावर पाच मिनिटांत आपोआप मंदावतो, याचे कारण प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे व्हीआरएममध्ये सापडते. प्रोसेसरच्या सॉकेटच्या डाव्या व वरच्या बाजूला चौकोनी कॉइलची रांग असते; त्यांना लागून असलेल्या भागांवर जड धातूचे, नीट स्क्रूने बसवलेले हीटसिंक असावेत. उघडे किंवा नुसते चिकटवलेले पातळ हीटसिंक असतील तर कुलूप उघडे असूनही त्या बोर्डवर वेग वाढवू नये. प्रोसेसरला पाण्याचा कूलर लावणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की साध्या पंख्याची जी हवा व्हीआरएमवर जात असे ती आता बंद झाली. तिथे वेगळा छोटा पंखा लावणे इष्ट.

व्होल्टेजचे गणित सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रोसेसर खात असलेली वीज ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेजही १० टक्के वाढवले, तर १.१ गुणिले १.२१ म्हणजे सुमारे ३३ टक्के अधिक वीज लागते आणि तेवढीच अधिक उष्णता बाहेर पडते. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरांमध्ये तर अति व्होल्टेजमुळे कायमचे नुकसान होत असल्याचे उघड झाले आणि इंटेलला ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) द्यावा लागला. असा प्रोसेसर असेल तर बायोस (बोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत केल्याशिवाय त्यावर एकही गेम सुरू करू नये, आणि जुना घेत असाल तर तो आधी कसा वापरला होता हे विचारावे.

सहावी पायरी: घरातली वीज

जीटीएक्स १०८० टीआय २५० वॉटचे कार्ड आहे. दोन लावली की ५००. त्यात वेग वाढवलेल्या प्रोसेसरचे १५० ते २५० धरले आणि थोडा वाव ठेवला तर चांगल्या प्रतीचा ८५० ते १००० वॉटचा एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज देणारा डबा) लागतो. दोन आरटीएक्स ३०९० असतील तर कार्डेच ७०० वॉटची, तिथे १२०० च्या खाली विचार करू नये. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस अशा संगणकाला कधीही जोडू नये.

गावात प्रश्न त्याच्याही आधी सुरू होतो. रब्बीत शेतांवरच्या मोटारी सुरू झाल्या की डीपीवरचा भार वाढतो आणि घरातले २३० व्होल्ट १८० पर्यंतही उतरू शकतात. मल्टिमीटर घेऊन सकाळी, दुपारी आणि मोटारी चालू असताना सॉकेटमधले व्होल्टेज मोजावे आणि आकडे लिहून ठेवावेत. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतो, पण व्होल्टेज उतरले की तो तेवढ्याच कामासाठी अधिक करंट ओढतो आणि अधिक तापतो. चढउतार मोठा असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर बसवावा. त्याच मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेजही पाहावे. ते दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त भरत असेल तर वायरमनला बोलावून अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते याच दोषाचे लक्षण होय.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांची गल्लत होऊ देऊ नये. बाजारातला ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस ३६० वॉटचाच भार उचलतो, म्हणजे गेम चालू असताना लाइन गेली की तोही लगेच बंद पडेल. शिवाय आजच्या एसएमपीएसमधील वीजसुधार मंडलाला (पीएफसी) शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट लागते. चौरस लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर तो गुरगुरतो किंवा बंद होतो. संगणक व्यवस्थित बंद करण्याइतका वेळ देणारा साइन वेव्ह यूपीएस पुरेसा आहे, त्यावर खेळत राहण्याचा अट्टहास नको. रोहिणी-मृगाच्या विजा चमकू लागल्या की मात्र प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत.

सातवी पायरी: मे महिन्याची खोली

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या छपराखालची खोली दुपारी त्याच्याही पुढे असते. पंखा आणि हीटसिंक काहीही केले तरी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाहीत. ते फक्त खोलीच्या तापमानापासूनचे अंतर ठरवतात. २५ अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर ७८ अंशांपर्यंत जाणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ९५ च्या घरात जाईल, आणि रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ च आहे. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची १०० च्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात बेतलेला वेग उन्हाळ्यात तापमानाच्या मर्यादेमुळे आपोआप खाली येतो, किंवा संगणक बंद पडतो.

खिडकीतला पाण्याचा कूलर या बाबतीत खरोखर उपकारक आहे. मे महिन्यातली कोरडी हवा त्यातून आली की खोली बाहेरपेक्षा दहा-बारा अंशांनी सहज थंड होते, आणि तेवढाच थंडावा प्रोसेसरला व कार्डांना मिळतो. मात्र मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की हा उपाय चालेनासा होतो, त्यामुळे जून-जुलैतला उकाडा संगणकाला मे महिन्याइतकाच जड जाऊ शकतो. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये; ओलसर हवेबरोबर आलेली धूळ हीटसिंकच्या पात्यांवर चिखलासारखी बसते आणि वाळल्यावर फुंकून निघत नाही.

कापसाच्या हंगामात आणखी एक गोष्ट घडते. घरात किंवा शेजारी कापूस साठवला असेल, गावाजवळ जिनिंग असेल, तर हवेतले तंतू पंख्यातून आत जातात. कार्डाच्या पंख्यामागे, जिथे पाती हीटसिंकला भिडतात, तिथे या तंतूंचा एक पातळ, राखाडी, नमद्यासारखा थर जमतो. वरून पाहिल्यास पंखा स्वच्छ दिसतो. पंखा काढल्यावरच तो थर दिसतो, आणि चिमट्याने एका टोकाला धरला तर अखंड पट्टी निघून येते. तेवढ्याने कार्डाचे तापमान अनेक अंशांनी उतरते. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर धुता येणारी बारीक गाळणी लावून ती दर आठवड्याला झटकावी.

आठवी पायरी: प्रत्यक्ष वेग वाढवणे

आधी यूपीएसवर संगणक ठेवून बायोस अद्ययावत करावा, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. मग काहीही न बदलता, कारखान्यातल्या मूळ वेगावर, दोन्ही कार्डे लावून ओसीसीटी किंवा सिनेबेंचसारखी चाचणी अर्धा तास चालवावी आणि खोलीचे, प्रोसेसरचे, व्हीआरएमचे व दोन्ही कार्डांचे तापमान टिपावे. भर दुपारी घेतलेली ही टिपणे पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहेत. मूळ वेगावरच प्रोसेसर ९० च्या पुढे जात असेल तर तिथेच थांबावे आणि आधी थंडाव्याची सोय करावी.

दुसरे काम मेमरीचे. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (मेमरी तिच्या जाहीर वेगावर चालवण्याची सोय) सुरू करून रात्रभर मेमटेस्ट८६ ही मेमरीची चाचणी चालवावी. एकही चूक दाखवली तर वेग एक पायरी खाली घ्यावा. मेमरी डळमळीत असताना प्रोसेसरचा वेग वाढवायला घेतले तर पुढे दोष कुणाचा हे कधीच उमगत नाही.

त्यानंतर गुणक एकाने वाढवावा, चाचणी घ्यावी, पुन्हा एकाने वाढवावा. संगणक अडकला तर व्होल्टेज अगदी थोडे, शतांश व्होल्टच्या हिशेबात वाढवावे. व्होल्टेजची मर्यादा प्रत्येक पिढीची वेगळी असल्याने एका प्रोसेसरसाठी सांगितलेला आकडा दुसऱ्याला लावू नये. तापमान दुपारी ८५ च्या आसपास आले की वाढ थांबवावी, मग आकडा कितीही मोहात पाडो. रायझनच्या नव्या पिढ्यांत तर सर्व कोअरचा वेग हाताने बांधण्याऐवजी बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सोयीने व्होल्टेज कमी करणे अधिक लाभाचे ठरते: उष्णता घटते आणि प्रोसेसर आपोआप वरच्या वेगावर जास्त वेळ टिकतो. विदर्भाच्या हवामानात माझा कल स्पष्टपणे याच बाजूला आहे.

कार्डांची पाळी शेवटी. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कार्ड वेगळे निवडून आधी वरच्या कार्डाचा वेग १५ मेगाहर्ट्झच्या टप्प्याने वाढवावा, कारण तेच अधिक तापते आणि जोडीची मर्यादा तेच ठरवते. एक आड एक फ्रेम काढण्याच्या पद्धतीत वेगवान कार्डाला मंद कार्डासाठी थांबावेच लागते, म्हणून खालच्या कार्डाला त्याहून पुढे नेण्यात काही हशील नाही. दोन्हींना वरच्या कार्डाचाच आकडा द्यावा. पॉवर लिमिट (कार्डाची वीजमर्यादा) १०० वरून ८५ टक्क्यांवर आणून पाहावी. वेगातली घट सहसा फार थोडी असते, आणि दोन २५० वॉटच्या कार्डांमागे ७५ वॉट उष्णता खोलीत येणे वाचते.

बदल करताना संगणक सुरूच होईनासा झाला तर प्लग काढून, पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना क्षणभर जोडून किंवा बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे काढून बायोस मूळ पदावर आणता येतो. सगळे स्थिर झाल्यावर बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवाव्यात: एक मार्च ते जूनसाठी, मूळ वेगाची किंवा कमी व्होल्टेजची, आणि दुसरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी, वाढवलेल्या वेगाची. बायोस पुन्हा अद्ययावत केल्यावर या साठवलेल्या प्रोफाइल बऱ्याच बोर्डांवर पुसल्या जातात, म्हणून गुणक, व्होल्टेज, मेमरीचा वेग आणि कार्डांचे आकडे, त्या दिवशीच्या खोलीच्या तापमानासह, वहीत लिहून ती वही कॅबिनेटजवळच ठेवावी.